पेट्यांचं लाकूड

आमच्या बकऱ्यांच्या दारावर एक अक्षर आहे,
आरशातल्या इंग्रजी आर-सारखं, उलटं.
बाबानं त्यावरून रंधा फिरवला नाही.
म्हणाला, राहू दे, त्याच्यानं बकरी बाटत नाही.

डेपोच्या काटेरी तारेला लागून आमचं गाव.
दर चैत्रात लिलाव व्हायचा,
गुलाबभाई ठेकेदार तीन ट्रॅक्टर लावायचा
आणि रिकाम्या पेट्या यायच्या,
हिरव्या, दोरीच्या कड्यांच्या,
आत तोफगोळ्याच्या मापाचे खाचे.
त्या खाच्यांत कोंबडी नीट बसते.
अंडं गडगडत नाही.

उकंडा मिस्त्री, माझा बाप, चौथी नापास.
त्याला देश लाकडावरून कळायचे.
हा थंडीतला, गाठी दाट, वास राळेचा,
खिळा मुकाट गिळतो.
हा दुसरा, सगळं मापात, स्क्रू नाजूक,
आणि पहिल्याच ओलीत पापुद्रे.
"ह्यायचं बोलनं सागाचं, पोरी, माल पलायवूडचा."
तिसऱ्याचं नाव त्यानं घेतलं नाही.
नुसती कडी वाजवून पाहिली
आणि बराच वेळ हातात धरून बसला.

त्याच्या तरुणपणी एकाच अक्षराच्या पेट्या यायच्या.
गावातली निम्मी कपाटं, तेरव्याची पाटं,
शाळेतला फळ्याखालचा खोका,
सगळं त्या एका देशाचं.
तो देश मोडला तेव्हा आम्हाला कळलंही नाही.
पुढच्या चैत्रात फळ्या पातळ आल्या, एवढंच.

मग सरमिसळ सुरू झाली.
मागच्या साली एक पेटी आली,
एकाची फळी, दुसऱ्याचं बिजागर,
वरचा रंग खरवडला तर खाली तिसरीच लिपी.
बाबा चष्मा पुसून म्हणाला,
"आँ? ह्यायची सोयरीक कवा झाली?
परवापरवा तं एका पंगतीत बसत नव्हते."

वैशाखात दौलतच्या टपरीवर टीव्ही सांगत होता,
जगात नवं शीतयुद्ध.
पारा सेहेचाळीसवर, चहाची किटली उन्हानंच तापलेली.
"थंडं हाय तं धाडा मनावं इकडं," पोस्टमन वानखडे म्हणाला,
"कूलरात टाकू."
सगळे हसले.
बाबा हसला नाही. तो तारेकडं पाहत होता.

कारण चैत्र उलटून गेला होता
आणि लिलावाची नोटीस लागली नव्हती.

रात्री मालगाडी येते, दिवे न लावता.
रुळांच्या आवाजावरून बाबा सांगतो, भरून आली.
जाताना हलकी जाते.
पूर्वी जातानाही थोडा भार असायचा,
आमच्या चुलींचा, कपाटांचा, पाळण्यांचा.
गुलाबभाईनं ट्रॅक्टर वीटभट्टीला लावले.
विचारलं तर हात झटकतो,
"माल आहे ताई. रिकामा नाही."

कोणाचा कोणाशी करार झाला,
कोण कोणाच्या मांडवातून उठून गेला,
हे मी मोबाईलवर वाचून दाखवते बाबाला.
तो ऐकतो, किंवा ऐकत नाही.
बाभळीचं एक खोड आणलंय त्यानं नाल्यावरून.
वाकडं, काट्यांचं, करवतीचे दात खाणारं.
"वेळ लागते," म्हणतो. "पन कोनाचं लिहेल नसते ह्याच्यावर."

काल प्राचीनं पाटीवर ते उलटं अक्षर काढलं.
गुरुजींनी विचारलं, कोणत्या भाषेतलं गं?
ती म्हणाली, बकऱ्यांच्या.

मी तिला घरी आणताना तारेजवळून आले.
आत नवी शेड उभी राहतेय, लांबच लांब,
पत्रा अजून चमकतोय.
बाबाला सांगितलं नाही.
त्यानं विचारलं मात्र,
"दारं केवढी ठेवली?"